आश्रमाच्या वाटेवर

आनंदीबाई जोशी शिकायला अमेरिकेस निघाल्या, तेव्हा ७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याला बोटीत बसल्या आणि न्यू यॉर्कला उतरल्या त्या ४ जूनला. मधले आठ आठवडे समुद्राचे. घर मागे पडले आहे आणि पुढचे गाव अजून दिसत नाही, अशा त्या दिवसांत माणसाला नव्या आयुष्याची तयारी करायला सवड मिळत असे. विमानाने ही सवड काढून घेतली. आदल्या रात्री घरी वरणभात जेवलेले पोर दुसऱ्या दिवशी परक्या खोलीची किल्ली हातात घेऊन उभे!

म्हणूनच माझ्या मुलीच्या मेलबर्नच्या प्रवासात सिंगापूरला सकाळपासून रात्रीपर्यंत थांबावे लागणार असे कळले, तेव्हा घरची मंडळी हळहळली, पण मला बरेच वाटले. तिचे बिऱ्हाड लावून द्यायला मी बरोबर जाणार होतेच. सिंगापुरात शिरण्याचे कागदपत्र आम्ही घरूनच करून घेतले होते. ज्यांना असा दिवस साधायचा असेल, त्यांनी तिकीट काढण्यापूर्वी ही चौकशी जरूर करावी, कारण नियम वरचेवर बदलतात.

चांगी विमानतळावर उतरलो तेव्हा तेथले घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे होते. मोठ्या बॅगा परस्पर पुढच्या विमानात जाणार होत्या. हातातल्या पिशव्या पैसे भरून सामानघरात ठेवल्या आणि मी मुलीला एकच अट घातली : "आज तू पुढे, मी मागे. रस्ता मी विचारणार नाही."

ताना मेरा स्टेशनवर गाडी बदलायची होती. माझे ओठ दोनदा उघडले आणि दोनदा मिटले. तिने नकाशा वाचला आणि मला बरोबर डब्यात नेऊन बसवले.

सिंगापूरच्या राजभाषा चार : इंग्रजी, मलाय, चिनी आणि तमिळ. धोक्याच्या पाट्यासुद्धा चारी भाषांत. अशाच एका कुंपणावर मलाय शब्द दिसला, 'बहाया'. म्हणजे धोका. मूळ आपले 'भय'! मग मास्तरकीला राहवेना. शहराचे नाव सिंहपुरावरून आलेले. राष्ट्राध्यक्षांचे निवासस्थान 'इस्ताना', ते आपल्या 'आस्थाना'वरून.

"आई, तास सुरू झाला वाटतं!" मुलगी म्हणाली, पण तिनेही फोनवर शोध चालवलाच. विद्यापीठातला विद्यार्थी म्हणजे 'महासिस्वा', त्यातला 'सिस्वा' आपल्या 'शिष्या'वरून. आणि वसतिगृह म्हणजे 'अस्रामा'.

"म्हणजे मी आश्रमात निघाले म्हण की!" तिला हसू आवरेना.

सिटी हॉल स्टेशनातून वर आले की शेजारीच सेंट अँड्र्यूज हे शुभ्र चर्च उभे आहे. त्याचा अर्पणविधी १८६२ साली झाला. ते बांधले हिंदुस्थानातून काळ्या पाण्यावर पाठवलेल्या कैद्यांनी. इंग्रजांनी १८२५ पासून आपले कैदी या बेटावर आणले. त्यांत मुंबई इलाख्यातलेही होते. या चर्चच्या गिलाव्यासाठी शिंपल्यांचा चुना, अंड्यातला पांढरा बलक आणि भरड साखर एकत्र कुटून त्यात नारळाची सोडणे भिजवलेले पाणी घातले, असे सांगतात. कोणा परमुलखातल्या माणसाच्या हातचे ते काम पाहून आम्ही दोघी गप्प झालो.

"ते परत गेले का गं आपल्या घरी?" तिने विचारले.

"काही गेले असतील. पुष्कळजण सुटल्यावर येथेच राहिले."

तिने पुढे विचारले नाही. मीही तिला काही विचारले नाही. प्रश्न मात्र दोघींच्या मनात एकच होता.

दुपारी सेरंगून रस्त्यावर गेलो. फुलांच्या माळा, उदबत्त्यांचा वास, देवळाची घंटा. दिवाळीच्या सुमारास हा रस्ता दिव्यांनी सजतो आणि दिवाळीला देशभर सुट्टी असते. टेक्का सेंटरमध्ये मुलीने जेवण मागितले, पैसे मोजून दिले आणि जेवल्यावर ट्रे उचलून जागेवर नेऊन ठेवला. अशा खाद्यगृहांत आपला ट्रे आपण उचलला नाही तर २०२१ पासून दंडाची तरतूद आहे. घरी बावीस वर्षे कानीकपाळी ओरडून जे झाले नाही, ते एका सरकारी नियमाने एका दुपारी झाले!

रात्री मेलबर्नच्या विमानात बसल्या बसल्या तिला झोप लागली. मी जागीच होते. तिची काळजी संपली नव्हती. पण ती आपला रस्ता शोधू शकते, हे दिवसभर तिच्या मागे चालून मी डोळ्यांनी पाहिले होते. मुलांना पोचवायला निघालेल्या आईबापांना असा एक दिवस मिळाला, तर तो विमानतळावरच्या खुर्च्यांत पेंगत घालवू नये.

यंदाच्या दिवाळीला तिची परीक्षा आहे, तेव्हा ती घरी नाही. परवा फोनवर सांगत होती, वसतिगृहात शेजारच्या खोलीत मलेशियाची एक मुलगी आहे. 'अस्रामा' हा शब्द मुळात कोणाचा, यावर दोघींचा वाद जुंपला आहे आणि निकाल माझ्याकडे सोपवला आहे.

मी कळवले आहे : इकडे आलीस की देईन.