अडकलेलं स्फुरद

सुपर फॉस्फेटची गोणी शेतात रिकामी केली, तरी त्यातलं बरंचसं स्फुरद त्या हंगामात पिकाला मिळतच नाही. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत कॅल्शियम त्याला धरून ठेवतं. ते सोडवतात मुळांभोवतीचे बॅसिलस, स्यूडोमोनाससारखे जिवाणू. मुळांतून पाझरणाऱ्या साखरेवर ते जगतात, ग्लुकॉनिक आम्ल सोडतात आणि त्या आम्लाने स्फुरद विरघळतं. प्रयोगशाळेत हे डोळ्यांना दिसतं. कॅल्शियम फॉस्फेटने दुधाळ झालेल्या बशीत जिवाणूंच्या ठिपक्याभोवती स्वच्छ, पारदर्शक कडं उमटतं. शेतात इतकं सरळ नसतं. जास्त चुनखडी आम्लाचा जोर मोडते, सेंद्रिय कर्ब कमी असला तर जिवाणू उपाशी राहतात. म्हणून पीएसबीच्या, म्हणजे या स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंच्या संवर्धकाच्या, पाकिटाबरोबर शेणखतही टाकाच. बीजप्रक्रिया सावलीत करा, 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅम पीएसबी. बुरशीनाशक आधी, संवर्धक शेवटी.