सहाच उंदीर का?

सकाळी ६.३०
मे महिन्यात रायपूर सकाळीच तापायला लागतं. फार्मसी कॉलेजच्या अ‍ॅनिमल हाउसमध्ये शिरले की आधी तापमान बघते. मर्यादा १८ ते २९ अंशांची. बाहेर ४४ असताना वीज गेली तर पिंजऱ्यातल्या विस्टार उंदरांनी जायचं कुठे? म्हणून जनरेटरचं डिझेलही रोज तपासायचं. पिंजऱ्यांत राइस मिलमधला भाताचा तूस अंथरतात, ऑटोक्लेव्ह करून. "मॅडम, हा बघा," देखभाल करणारे भैया एका उंदराकडे बोट दाखवतात. केस उभे, डोळे अर्धे मिटलेले, पापण्यांना लाल कड. ते रक्त नव्हे, डोळ्यामागच्या ग्रंथीचा स्राव. आजार किंवा ताण असला की दिसतो. पशुवैद्यांना फोन करते. याला आज डोस नाही.

सकाळी ९
प्रॅक्टिकल. पूर्वी इथे बेडूक फाडायचे. आता जिपमर या वैद्यकीय संस्थेत तयार झालेलं 'एक्सफार्म' हे सॉफ्टवेअर संगणकावर चालतं. मात्रा वाढवली की आलेख चढतो, मुलांना परिणाम कळतो. पुस्तकं, प्रतिकृती, चित्रफितींनी भागत असेल तिथे प्राणी टाळा, हे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम १७ मध्येच आहे. ते वर्गात उतरायला अनेक दशकं गेली.

सकाळी ११.३०
प्राणी नैतिकता समितीची बैठक. एम. फार्म.च्या विद्यार्थ्याला झाडाच्या सालीचा अर्क तपासायचाय. उंदराच्या मागच्या पंजात कॅरॅजिनन टोचून सूज आणायची आणि ती अर्काने उतरते का, ते मोजायचं. पाच गट, प्रत्येकी सहा उंदीर.

"सहाच का?" विज्ञानाबाहेरचे सदस्य विचारतात.

"सगळे सहाच घेतात, सर."

हे कारण चालणार नाही. जादा घेतले तर विनाकारण जीव दुखावतात. फार कमी घेतले तर निष्कर्षच निघत नाही आणि झालेल्या सगळ्या यातना वाया जातात. संख्या हिशेबानेच काढावी लागते. रसेल आणि बर्च या शास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये सांगितलं: पर्याय शोधा, संख्या घटवा, वेदना कमी करा. भारताने त्यात पुनर्वसन जोडलं. मी विचारते, "आधी पेशींवर करून पाहिलंस?" नाही. प्रस्ताव परत.

दुपारी ३
मंजूर झालेल्या विषाक्तता चाचणीचे डोस. नळी तोंडातून जठरापर्यंत सरकवायची. घाई झाली तर श्वासनलिकेत जाते. उंदराला उलटी होत नाही, त्यामुळे दिलेलं त्याला बाहेर टाकता येत नाही. कुठे थांबायचं ते आधीच लिहून ठेवलंय: वजन २० टक्के उतरलं की प्रयोग बंद. मरेपर्यंत बघत बसायचं नाही.

संध्याकाळी ५.३०
नोंदवही भरते. औषधं माणसांना हवीत, हे मी नाकारत नाही. पण ज्याला नकार देता येत नाही त्याच्यावर प्रयोग करायचा, तर त्याची गरज सिद्ध करण्याचा भार आपल्यावर आहे. २०२३ च्या सुधारित नियमांनी नव्या औषधांसाठी पेशींवरच्या आणि संगणकावरच्या चाचण्यांना वाट करून दिली. ती आमच्यासारख्या कॉलेजांपर्यंत पोचायला हवी, त्यासाठी पैसे हवेत. तोवर त्या एम. फार्म.च्या मुलाला पेशींच्या चाचणीची सोय शोधून देणं माझं काम. उद्या सकाळी पहिला फोन त्यासाठीच.