मासाही बेण्यावरच जातो



उसाच्या अंकात माशाची गोष्ट कशाला, असे कुणी विचारील. विचारायलाच हवे. पण गोष्ट शेवटपर्यंत वाचा, मग ती माशाची आहे की आपली, ते तुम्हीच ठरवा.

उत्तर अमेरिकेत मस्केलंज नावाचा मासा आहे. तिकडचे लोक त्याला लाडाने 'मस्की' म्हणतात. मूळ नाव तिथल्या ओजिब्वे या आदिवासींच्या भाषेतून आले आहे. हा गोड्या पाण्यातला शिकारी मासा. अंग लांबट, तोंड चपटे आणि दातांनी गच्च भरलेले. पाणवनस्पतीच्या आडोशाला हा खांबासारखा स्थिर उभा राहतो आणि भक्ष्य टप्प्यात आले की झडप घालतो. चार-साडेचार फूट लांबी आणि पंधरा-वीस किलो वजन म्हणजे चांगला नग. योग्य पाणी मिळाले तर वीस-पंचवीस वर्षेही जगतो. गळाला मात्र सहजासहजी लागत नाही. दहा हजार वेळा गळ टाकावा तेव्हा हा एकदा लागतो, अशी तिकडची म्हण आहे. विस्कॉन्सिन राज्याने तर १९५५ साली याला राज्याचा मासा म्हणून मान दिला.

अशा माशामागे तिथल्या गावांची पोटे आहेत. तो धरायला लांबून माणसे येतात. त्यांच्यावर खानावळी, होड्या आणि मुक्कामाच्या खोल्या चालतात. म्हणून जिथे मासा कमी झाला, किंवा जिथे तो कधी नव्हताच, अशा तळ्यांतही तो सोडण्याचा उद्योग विस्कॉन्सिन आणि शेजारच्या मिनेसोटा राज्याने फार वर्षांपासून चालवला आहे.

बोटुकली कशी तयार होते

काम सोपे नाही. वसंतात बर्फ वितळून पाणी जरा ऊबदार झाले की मादी अंडी घालायला येते. त्या वेळी जाळी लावून नर-मादी जिवंत धरतात. मादीचे पोट हलक्या हाताने दाबून अंडी भांड्यात घेतात, त्यावर नराचे वीर्य सोडतात आणि दोन्ही माशांना परत पाण्यात सोडून देतात. अंडी काचेच्या उभ्या बरण्यांत ठेवतात आणि खालून सतत पाणी खेळवतात. दोन आठवड्यांच्या आत-बाहेर जिरे बाहेर पडते.

खरी परीक्षा पुढेच. पिल्ले आधी पाण्यातले बारीक जीव खातात. थोडी मोठी झाली की त्यांना जिवंत मासेच लागतात. ते वेळेवर मिळाले नाहीत तर भाऊ भावाला गिळतो! म्हणजे एक मासा वाढवायचा तर त्याच्या पोटासाठी दुसऱ्या माशांचीही शेती करावी लागते. खर्चाचा मोठा वाटा इथेच जातो.

मग नुसते जिरेच तळ्यात सोडून मोकळे का होत नाहीत? तेही करून झाले आहे. पण पाईक नावाचा याचाच चुलतभाऊ आधी अंडी घालतो. त्याची पिल्ले मस्कीच्या जिऱ्याच्या आधीच मोठी झालेली असतात आणि त्याला गट्ट करतात. म्हणून उन्हाळाभर तळ्यात जपून, वीतभराहून मोठी, दहा-बारा इंचांची बोटुकली झाल्यावर हिवाळ्याआधी सोडणे चांगले, असे अनुभवाने ठरले. सोडायचीही फार नाहीत. एकरी एखादा मासा म्हणजेही पुष्कळ. वाघ जंगलात कळपाने राहत नाहीत, तसेच हे.

हाताशी आले ते बेणे

आता गोष्टीचा गाभा. मिनेसोटात उत्तरेला, कॅनडाच्या सीमेजवळ शूपॅक नावाचे आडबाजूचे लहान तळे आहे. तिथे मस्की भरपूर. जाळे लावले की मिळणार, अंडी काढायला सोपे. त्यामुळे खात्याने कित्येक वर्षे, १९७० चे दशक सरेपर्यंत, याच तळ्यातल्या माशांची अंडी घेतली आणि पिल्ले वाढवून ठिकठिकाणच्या तळ्यांत सोडली.

पिल्ले जगली. तशी तक्रार नव्हती. पण वाढेनात! पाणी चांगले, खाणे मुबलक, वर्षे उलटली, तरी मासे खुजेच. शूपॅकचे मासे पिढ्यान्‌पिढ्या एका लहानशा, बाकीच्यांपासून तुटलेल्या तळ्यात राहिलेले. त्यांचा वाणच लहान चणीचा. तुम्ही त्यांना समुद्राएवढे तळे दिलेत तरी अंगात जे नाही ते कुठून येणार?

आणि गंमत बघा. त्याच राज्यात लीच लेक नावाचे लाखभर एकरांचे तळे आहे. 'लीच' म्हणजे जळू, म्हणजे जळवांचे तळे म्हणा. त्यात दांडगे मस्की होते हे सगळ्यांना ठाऊक होते. १९५५ च्या जुलैत तिथे थोड्या दिवसांत एवढे मोठे मस्की गळाला लागले की ती हकिगत आजही सांगतात. मग तिथले बेणे का घेतले नाही? कारण ते जाळ्यात सापडत नव्हते. शूपॅकचे सापडत होते. एवढेच.

रेडिओ बांधलेला मासा

शेवटी १९८० च्या आगे-मागे खात्याच्या संशोधकांनी एक युक्ती केली. लीच लेकमधल्या मस्कींच्या अंगात लहानसे रेडिओ यंत्र बसवले आणि होडीतून त्यांचा माग काढला. तेव्हा उलगडा झाला. हे मासे काठालगतच्या गवतात अंडी घालतच नव्हते. काठापासून आत, तीन ते सहा फूट पाण्यात, तळाला वाढणाऱ्या कारा नावाच्या शेवाळावर ते अंडी घालत. आणि जाळी मात्र काठाला लावलेली!

जागा कळली, जाळी हलली, बेणे मिळाले. दोन्ही वाण एकाच पाण्यात सोडून पाहिले, तर लीच लेकचा मासा शूपॅकच्या माशाला सहज मागे टाकू लागला. १९८० च्या दशकात खात्याने शूपॅकचा नाद सोडला आणि लीच लेकचे बेणे धरले. मिल लॅक्स या सव्वा लाखाहून अधिक एकरांच्या तळ्यातही ते सोडण्यात आले.

फळ कधी दिसले? मिनेसोटात सर्वांत वजनदार मस्कीचा विक्रम १९५७ सालचा होता, विनिबिगोशिश तळ्यातला, ५४ पौंडांचा. तो मोडायला २०२१ चा नोव्हेंबर उजाडावा लागला. नवा मासा जवळजवळ ५६ पौंडांचा, म्हणजे सव्वापंचवीस किलोंहून जास्त, आणि तो निघाला मिल लॅक्समधून.

अर्थात नुसत्या बेण्याने हे झाले नाही. धरलेला मासा परत पाण्यात सोडायची शिस्तही लोकांनी लावून घेतली. १९६६ साली मिनेसोटातच निघालेल्या 'मस्कीज इन्कॉर्पोरेटेड' या हौशी मच्छीमारांच्या संघटनेने त्याचा प्रसार केला. पुढे २०१५ पासून बहुतेक तळ्यांत ५४ इंचांपेक्षा लहान मस्की ठेवून घ्यायला राज्याने मनाई केली. मादी अंड्यावर यायला पाच-सहा वर्षे घेते. तिला आधीच तव्यावर टाकली तर पुढची पिढी येणार कुठून?

दुसऱ्याच्या पाण्यात

भांडणेही झाली. तिकडच्या लोकांना खायला वॉलआय नावाचा मासा आवडतो. हा राक्षस आमचे वॉलआय फस्त करील, अशी अनेकांची ओरड. ती फेटाळून न लावता अभ्यासकांनी मस्की सोडलेल्या ४१ तळ्यांतल्या जुन्या-नव्या नोंदी लावून पाहिल्या. सात जातींच्या माशांवर सरसकट वाईट परिणाम आढळला नाही, असे २०१२ साली प्रसिद्ध झाले.

पण म्हणून मासा कुठेही सोडावा असे नाही. कॅनडाच्या क्विबेक प्रांतात सेंट जॉन नदीच्या उगमाकडच्या एका तळ्यात १९७० च्या दशकात मस्की सोडले. ते तळ्यात थांबले नाहीत. नदीने खाली उतरत अमेरिकेच्या मेन राज्यातून पार न्यू ब्रन्सविकपर्यंत पोचले. ती नदी सामन माशाची, आणि तिथला सामन आधीच घटलेला. आता धरणाजवळ वर चढणाऱ्या माशांतून मस्की वेचून काढावे लागतात. शेताला बांध असतो, वाहत्या पाण्याला नसतो. पुढे २००५ च्या सुमारास ग्रेट लेक्सच्या परिसरात माशांचा एक विषाणुरोग आला, त्यात मस्कीही मेले. तेव्हापासून जिवंत मासे एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात नेण्यावर कडक तपासणी आली.

आपल्यापुरते

मंडळी, शूपॅकवाल्यांनी कष्ट कमी केले नव्हते. अंडी काढली, पिल्ले पोसली, गाड्या भरून नेली. हिशेबाच्या वहीत 'इतकी हजार बोटुकली सोडली' असा आकडा दर वर्षी पडत होता. चूक एकच. बेणे चांगले म्हणून घेतले नव्हते, सोपे म्हणून घेतले होते. आणि ती चूक कळायला वर्षे गेली, कारण मासा पाण्याखाली असतो.

आपला ऊस तर डोळ्यांसमोर उभा असतो. तरीही लागणीची घाई झाली की आपण काय करतो? शेजारच्या खोडव्यातले बेणे तोडतो. जवळ आहे, फुकट आहे, तोडणीला सोपे आहे. नाव विचारले की को ८६०३२ सांगतो. पण वाणाचे नाव चांगले असले तरी खोडव्याच्या बेण्यातून गवताळ वाढ आणि काणी शेतात येते. मग खत वाढवतो, पाणी वाढवतो आणि एकरी टन का घटले म्हणून शेतकी अधिकाऱ्याला विचारतो.

बेणेमळ्यातले नऊ ते अकरा महिन्यांचे, निरोगी, रसरशीत बेणे घ्या. त्याला प्रक्रिया करा. तीन-चार वर्षांनी बेणे बदला. आधी नाव नोंदवावे लागते, गाडीभाडे पडते, चार दिवस थांबावे लागते, हे खरे. लीच लेकचे बेणे मिळवायलाही रेडिओ बांधून माशाच्या मागे होडी फिरवावी लागली होती.

जे सहज हाताला लागते, ते आधी एकदा पारखून घ्या. लागणीपूर्वी एवढे जरूर करा.