कात ओढायची नसते

एप्रिल महिना. दौलताबादच्या पलीकडे एखाद्या कोरडवाहू रानात दगडी बांधावरून चालताना बोरीच्या काट्यात अडकलेली कात दिसते. वाऱ्याच्या झुळुकीने ती हलते आणि क्षणभर काळजात धस्स होते. जवळ जाऊन पाहिले, तर कागदाहून हलका, पारदर्शक असा लांबच लांब पापुद्रा, आणि त्यावर एकेका खवल्याचा ठसा. डोक्याकडच्या टोकाला दोन इवल्याशा गोल टिकल्या असतात, घड्याळाच्या काचेसारख्या स्वच्छ. सापाच्या डोळ्यांवरचे ते आवरण आहे. अंगावरच्या त्वचेबरोबर डोळ्यांवरची काचही उतरवून ठेवून तो साप केव्हाच निघून गेलेला असतो.

मराठी माणसाला कात टाकणे सापापेक्षा वाक्प्रचारातून अधिक भेटते. एसटीने कात टाकली, जुन्या बाजारपेठेने कात टाकली, असे आपण सहज बोलून जातो. प्राण निघून गेलेल्या देहाला वारुळावर पडलेल्या कातीची उपमा तर बृहदारण्यक उपनिषदात आहे. या सगळ्या बोलण्यात कात टाकणे एका झटक्यात होते. सापाच्या शरीरात मात्र ते एक ते दोन आठवड्यांचे काम असते. साप ते स्वतःचे स्वतः करतो. त्याला लागते ती थोडी ओल, थोडा निवांतपणा आणि अंग घासायला एखादी खडबडीत जागा. यातले काही कमी पडले की काम बिघडते, आणि माणसाने मदतीच्या भावनेने कात ओढली की आणखी बिघडते.

जुन्याखाली नवे

त्वचा आपणही टाकतो. आपल्या बाह्यत्वचेच्या पेशी रोज थोड्याथोड्या झडतात आणि साधारण महिन्याभरात तो थर नवा होतो, पण हे आपल्या लक्षातही येत नाही. साप हेच काम सर्वांगावर एकाच वेळी करतो. त्याचे खवले माशाच्या खवल्यांसारखे सुटे नसतात. बाह्यत्वचेच्याच त्या जाड घड्या असतात आणि दोन खवल्यांमधली त्वचा मऊ, लवचीक असते. म्हणून कात उतरते ती अखंड.

ती उतरण्याआधी जुन्या थराच्या खाली दुसरा संपूर्ण थर तयार होतो. सर्वांत वर कडक केराटिनचे कवच, त्याखाली पाणी अडवून धरणारा स्निग्ध पदार्थांचा थर, त्याखाली लवचीक केराटिन, अशी सगळी रचना पुन्हा घडते. नवा थर पुरा झाला की दोन्हींच्या मध्ये द्रव झिरपतो आणि त्यांना जोडणारे धागे सुटू लागतात. या काळात सापाचे रंग फिके पडतात. पोटाच्या खवल्यांवर गुलाबी झाक येते आणि डोळे निळसर दुधाळ दिसतात. सापाला पापण्या नसतात, डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो. त्याच्याखालीही तोच द्रव साचल्याने सापाला धूसर दिसते. ‘कात टाकायला आलेला साप आंधळा असतो’ असे शेतकरी म्हणतात, ते निरीक्षण खरे आहे.

मग काही दिवसांनी डोळे पुन्हा स्वच्छ होतात. पाहणाऱ्याला वाटते, झाले. खरे तर कात अजून अंगावरच असते आणि ती निघायला आणखी दोन-चार दिवस लागतात. साप तोंडाची कड दगडावर, खोडावर घासतो, ओठापाशी कात फाटते आणि तो तिच्यातून पुढे सरकत बाहेर येतो. पायातला मोजा काढताना उलटा व्हावा, तशी ती मागे उलटी पडत जाते. ओलसर असताना ती ताणली गेलेली असते, म्हणून सापडलेली कात त्या सापापेक्षा लांब भरते. धामणीच्या कातीवरून ‘दहा फुटी नाग’ झाल्याच्या कथा बहुधा अशाच जन्मतात. सापाचे रंगही कातीत फारसे उतरत नाहीत, कारण रंगपेशी मुख्यतः खालच्या त्वचेत असतात.

साप वाढतो म्हणून कात टाकतो, हे अर्धे उत्तर झाले. वाढत्या वयाची पिल्ले महिना-दीड महिन्याला कात टाकतात हे खरे. पण वाढ मंदावलेला साप वर्षातून काही वेळा कात टाकतच राहतो. घासून झिजलेली त्वचा त्याला बदलायची असते, जखम भरून काढायची असते आणि अंगावरचे परजीवीही त्या निमित्ताने कमी होतात. अनेक माद्या अंडी घालण्याआधी एकदा कात टाकतात. या वेळापत्रकात गळ्यातल्या अवटू ग्रंथीचाही हात असतो. प्रयोगात ही ग्रंथी काढलेले साप अधिक वेळा कात टाकताना आढळले, म्हणजे तिचे संप्रेरक सापांमध्ये कात टाकण्याला आवर घालते.

मराठवाड्याची कोरडी हवा

या साऱ्या यंत्रणेचा कच्चा दुवा म्हणजे पाणी. दोन थरांमधला द्रव पुरेसा नसेल किंवा बाहेरची हवा जुना थर लवकर सुकवून टाकत असेल, तर कात अखंड उतरत नाही. तिचे तुकडे पडतात आणि काही अंगाला चिकटून राहतात. आपल्या छत्रपती संभाजीनगरात मार्चपासून मृगापर्यंतची हवा कशी असते, ते सांगायला नको. ओठ फुटतात, टाचांना भेगा पडतात, घरोघरी कूलर घरघरू लागतात. रानातला साप अशा दिवसांत उंदराच्या बिळात, वारुळात, दगडांच्या खोल सांदीत उतरतो. वर हवा तापलेली असली तरी तिथे ओल टिकून असते. माठाखाली, न्हाणीघराच्या मोरीत किंवा पाण्याच्या टाकीजवळ उन्हाळ्यात साप दिसतो, त्यामागेही बऱ्याचदा सावली, ओल आणि तिथे येणारे उंदीर-बेडूक असतात. डूख धरण्याशी त्याचा काही संबंध नसतो.

बंदिस्त सापाला ही निवड नसते. काचेच्या पेटीत, बरणीत, पोत्यात जी हवा असेल तीच त्याची. नागपंचमीला नाग दूध पितो असे दाखवण्यासाठी गारुडी आधी कित्येक दिवस नागाला तहानलेला ठेवत. पाण्यासाठी व्याकूळ झालेला तो जीव समोर आलेला कोणताही द्रव पिई. अशा नागांची कात नीट उतरणार तरी कशी? ‘दुतोंड्या’ म्हणून अंधश्रद्धेपायी पकडलेल्या आणि बादलीत लपवून ठेवलेल्या मांडुळांची गतही वेगळी नसते. मांडूळ मातीत राहणारा साप. अंग पुरायला भुसभुशीत माती नाही, घासायला खडा नाही, मग कात अंगावरच वाळत जाते.

साप कोणाच्या घरी?

भारतातला कोणताही साप घरी पाळता येत नाही, हे इथे स्वच्छ सांगायला हवे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्या सापांना संरक्षण दिले आहे. नाग, घोणस, धामण यांना तर पहिल्या अनुसूचीचे कवच आहे. त्यांना पकडून ठेवणे हा तुरुंगवासाची शिक्षा असलेला गुन्हा आहे. परदेशी जातींबाबतही नियम आता कडक झाले आहेत. 2022 ची कायदादुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली आणि आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या जाती चौथ्या अनुसूचीत आल्या. 2024 च्या नियमांनुसार असा प्राणी बाळगणाऱ्याला ‘परिवेश’ संकेतस्थळावर त्याची नोंद करावी लागते. पाळीव म्हणून जगभर विकला जाणारा आफ्रिकेतला बॉल पायथन याच यादीतला.

त्यामुळे संभाजीनगरात बंदिस्त सापाच्या कातीची काळजी रीतसर वाहावी लागते ती मुख्यतः महापालिकेच्या सिद्धार्थ उद्यानातील प्राणिसंग्रहालयाला, जखमी साप सांभाळणाऱ्या वनविभागाच्या लोकांना आणि परदेशी साप नोंदवून पाळणाऱ्या मोजक्या घरांना. सर्पमित्राच्या हाती एखाद्या घरातून पकडलेला साप काही काळ असतो आणि तोही पुष्कळदा नेमका दुधाळ डोळ्यांचा असतो.

मदत करायची तर अशी

डोळे दुधाळ झाले की सापाला हात लावायचा नाही. नीट दिसत नसल्याने तो एरवीपेक्षा घाबरट असतो आणि चटकन दंश करतो. त्वचाही या काळात नाजूक असते. त्याने खाणे नाकारले तर आग्रह करू नये, कात टाकून झाली की भूक आपोआप परतते.

खरी मदत हवेला करायची असते. पेटीत आर्द्रतामापक असावा. बॉल पायथनला एरवी 55 ते 65 टक्के आर्द्रता मानवते, कातीच्या दिवसांत ती थोडी वाढवावी. मक्याच्या दाण्यासारखी नक्षी असलेल्या अमेरिकी कॉर्न स्नेकला एरवी त्याहून कोरडे चालते, पण कातीच्या वेळी त्यालाही ओल लागते. सोपा उपाय म्हणजे झाकणाच्या प्लास्टिक डब्याला सापाच्या अंगाहून थोडे मोठे भोक पाडून, आत ओलसर मॉस किंवा नारळाचा भुसा भरून तो पेटीत ठेवायचा. साप गरज वाटली की आत जातो, पुरे झाले की बाहेर येतो. म्हणजे काचेच्या पेटीतच आपण त्याला एक बीळ देतो. पूर्ण पेटी चिंब करणे मात्र चूक. सतत ओल्या तळावर पोटाच्या खवल्यांना फोड येतात आणि जंतुसंसर्ग होतो. हवा खेळती हवी, वेटोळे घालून बसता येईल एवढे पाण्याचे भांडे हवे, आणि एखादा खरबरीत दगड किंवा सालीसकट लाकडाचा तुकडा हवा.

एवढे करूनही कात तुकड्यांनी चिकटून राहिलीच, तर 28 ते 30 अंश सेल्सिअसच्या कोमट पाण्यात सापाला वीस-तीस मिनिटे ठेवावे. पाणी उथळ असावे, त्याला डोके सहज वर ठेवता यावे, आणि जवळून हलू नये. मग ओल्या टॉवेलच्या सैल घडीतून त्याला सरकू द्यावे. पुढे जायचे काम त्याने करायचे, आपण फक्त टॉवेल धरायचा. हे अर्थातच सवयीच्या, बिनविषारी सापापुरते.

दोन जागा नीट तपासाव्यात. एक शेपटीचे टोक. तिथे जुन्या कातीचे वळे राहिले, तर ते सुकून आवळते, रक्तपुरवठा तुटतो आणि शेपटीचा शेंडा मरतो. दुसरी डोळे. डोळ्यावरचा जुना खवला चिमट्याने किंवा चिकटपट्टीने काढायला गेल्यास खालचा नवा खवला फाटून डोळा कायमचा जाऊ शकतो. आर्द्रता सुधारली की तो बहुधा पुढच्या कातीबरोबर निघतो. नाही निघाला, तर पशुवैद्यक गाठावा. कात वारंवार तुटत असेल, तर गोचिडासारखे बारीक काळे माइट्स, अपुरा आहार, जुनी जखम किंवा संसर्ग यांपैकी काही आहे का, हेही तोच पाहील.

सर्पमित्रांसाठी नियम याहून सोपा आहे. दुधाळ डोळ्यांचा साप डब्यात दिवसेंदिवस ठेवू नये, प्रात्यक्षिकासाठी तर मुळीच वापरू नये. वनविभागाला कळवून त्याला जवळच्याच योग्य अधिवासात, सावलीच्या आणि ओलाव्याच्या जागी सोडावे. बाकीचे तो करतो. आणि घरात साप निघाला तर बाकीच्यांनी अंतर राखावे. दंश झालाच, तर मंत्र-तंत्रात वेळ न घालवता थेट शहरातले घाटी रुग्णालय किंवा जवळचे सरकारी रुग्णालय गाठावे.

कात वाचायला शिकू

रानात सापडलेली कात म्हणजे सापाने मागे ठेवलेली ओळखच. पाठीच्या मधोमध मोठ्या षट्कोनी खवल्यांची रांग दिसली तर ती मण्यारीची असू शकते. तिच्यासारख्याच दिसणाऱ्या बिनविषारी कवड्याला ती रांग नसते. डोक्यावर मोठ्या ढालींऐवजी बारीक खवले आणि अंगावर प्रत्येक खवल्याला कणा असेल, तर घोणस किंवा फुरसे यांचा संशय घ्यावा. कातीतून डीएनए मिळवून सापाला स्पर्शही न करता त्याचा अभ्यास करता येतो. औषध त्वचेतून किती झिरपते, हे तपासणाऱ्या प्रयोगांतही सापाची कात वापरली गेली आहे. मात्र पैसा टिकतो म्हणून ती पाकिटात ठेवू नये. पाहावी, छायाचित्र घ्यावे, तिथेच सोडावी आणि हात साबणाने धुवावेत, कारण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात. तिथे राहिलेली कात वाया जात नाही. साळुंकी तिचे तुकडे घरट्यातही नेते.

जेसीबीने सपाट केलेले बांध, सिमेंटने बुजवलेल्या दगडी भिंतींच्या फटी आणि पेटवून दिलेली वारुळे, ही सगळी सापांची कात टाकण्याची ठिकाणे. पिंजऱ्यातल्या सापासाठी ओलसर डबा ठेवावा लागतो. रानातल्या सापासाठी ठेवावे लागत नाही काहीच, आहे ते मोडायचे नाही एवढेच. पुढच्या वेळी बोरीच्या काट्यावर कात दिसली, तर तिचे डोके शोधा. ती ओठापासून शेपटीपर्यंत अखंड असेल आणि डोळ्यांच्या दोन्ही टिकल्या जागेवर असतील, तर भर उन्हाळ्यातही त्या बांधाच्या पोटात अजून ओल आहे.