कॅन्सर तपासणीचे नियम सतत का बदलतात? उत्तर धाराशिवात आहे

(या आठवड्याच्या भागाचा लिखित मजकूर. बोलताना जसं आलं तसंच ठेवलंय.)

महापेच्या एखाद्या आयटी पार्कात काम करत असाल तर हे ओळखीचं वाटेल. ८ मार्च जवळ आला की मेल येतो: महिलांसाठी खास हेल्थ चेकअप, सवलतीत. मग जेवताना चर्चा. एक म्हणते पॅप स्मिअर दरवर्षी करायची, दुसरी म्हणते आता तीन वर्षांनी, तिसरी म्हणते पॅपची गरजच नाही, एचपीव्ही टेस्ट पुरते. शेवटी कुणीतरी वैतागतं, "डॉक्टरांचंच ठरत नाहीये, तर आपण कशाला करा?"

आज त्याच प्रश्नाबद्दल. नियम बदलतात कारण पुरावा वाढतो. आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरबाबतचा मोठा पुरावा आपल्या महाराष्ट्रातून आलाय.

आधी एक बेसिक गोष्ट

स्क्रीनिंग म्हणजे काहीच त्रास नसलेल्या बाईची तपासणी. स्तनात गाठ लागतेय, पाळी कायमची गेल्यावर किंवा संबंधांनंतर रक्त जातंय, तर तिथे नियमातलं वय बघत बसायचं नाही. सरळ डॉक्टरकडे जायचं.

आपल्यातले जे ऑन-कॉल असतात त्यांना माहितीये, अलर्ट फार संवेदनशील ठेवला की रात्री दोन वाजता विनाकारण उठावं लागतं. ढिला ठेवला तर खरी गडबड सुटते. स्क्रीनिंगचं तेच. एचपीव्हीचा संसर्ग तरुण वयात खूप कॉमन आहे आणि बहुतेकींच्या शरीरातून तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो. विशीतल्या सगळ्या मुलींची ही टेस्ट केली तर अनेकींना उगाच पॉझिटिव्ह रिपोर्ट आणि पुढच्या तपासण्या मागे लागतील. म्हणून जागतिक आरोग्य संघटना सर्वसाधारणपणे तिशीपासून सुरू करा म्हणते.

धाराशिवात काय झालं?

१९९९ मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात एक मोठा अभ्यास सुरू झाला. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यात होत्या. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका, गावांचे ५२ समूह, चार गट. एका गटाची एकदाच एचपीव्ही टेस्ट, दुसऱ्याची पॅप, तिसऱ्याची व्हीआयए. व्हीआयए म्हणजे व्हिनेगरसारखं पातळ ॲसिटिक ॲसिड लावून पांढरे डाग दिसतात का ते बघणं. चौथ्या गटाची वेगळी तपासणी नाही, नेहमीची आरोग्यसेवा.

निकाल २००९ मध्ये आला. एचपीव्ही गटात या कॅन्सरने ३४ मृत्यू, तपासणी नसलेल्या गटात ६४. आयुष्यात एकदाच केलेल्या टेस्टने मृत्यू जवळपास निम्मे. पॅप आणि व्हीआयए एकदाच करून तसा ठोस फरक दिसला नाही.

चौथ्या गटाला तपासणीशिवाय ठेवणं योग्य होतं का, यावर पुढे बराच वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. ते ६४ आकडे नाहीत, बायका आहेत.

मग व्हीआयए निरुपयोगी का? नाही. टाटा मेमोरियलने मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दीड लाख बायकांमध्ये तीच तपासणी दर दोन वर्षांनी, चार वेळा केली. करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका होत्या. २०१३ मध्ये निकाल जाहीर झाला: मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी. म्हणजे टेस्ट साधी असेल तर ती पुन्हापुन्हा करावी लागते. टेस्ट चांगली असेल तर अंतर वाढवता येतं. नियमांमधली वर्षं येतात ती इथून.

म्हणून २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं: शक्य तिथे एचपीव्ही टेस्ट, दर ५ ते १० वर्षांनी. नमुना बाई स्वतःही घेऊ शकते. आपल्या केंद्र सरकारच्या २०१६ च्या सूचनांमध्ये ३० ते ६५ वयासाठी दर पाच वर्षांनी व्हीआयए आहे, कारण त्याला लॅब लागत नाही.

आणि स्तनाचा कॅन्सर?

इथे जास्त गोंधळ आहे. अमेरिकेतल्या तज्ज्ञगटाने मॅमोग्राफीचं नेहमीचं वय २००९ मध्ये ५० केलं, २०२४ मध्ये परत ४० वर आणलं, कारण तिथे चाळिशीतल्या रुग्ण वाढल्या. मुंबईच्या त्याच प्रकल्पात प्रशिक्षित सेविकांनी हाताने केलेल्या स्तनतपासणीचा निकाल २०२१ मध्ये आला: पन्नाशीपुढे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी, त्याआधीच्या वयात ठोस फायदा नाही. म्हणून घरात कुणाला हा कॅन्सर झालेला नसेल आणि काही त्रास नसेल, तर २६ व्या वर्षी पॅकेजमधली मॅमोग्राफी 'फ्री आहे म्हणून' करू नका. घरात इतिहास असेल तर मात्र तुमचं वेळापत्रक वेगळं, ते डॉक्टरांसोबत ठरवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, ३० ते ४९ वयाच्या भारतीय बायकांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेल्या होत्या १.९ टक्के. शंभरात दोनही नाहीत. आपण तीन वर्षं की पाच यावर वाद घालतोय आणि बहुतेकींची पहिलीच तपासणी झालेली नाही.

तर आज घरी फोन कराल तेव्हा आईला, मावशीला, काकूला, कामाला येणाऱ्या ताईंना एवढंच विचारा: "तुमची ही तपासणी कधी झालीये का?" नसेल तर जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात किंवा स्त्रीरोगतज्ज्ञांकडे चौकशी करा. एचपीव्हीची लस घेतली असली तरी वय झाल्यावर तपासणी हवीच.

भाग उपयोगी वाटला तर फॅमिली ग्रुपवर टाका. गुड मॉर्निंगच्या फुलांमध्ये तेवढी जागा नक्की निघेल. भेटू पुढच्या आठवड्यात!