क्लचचा आवाज: आधी निदान, मग खर्च

रोजमेळात फरक आला, तर व्यापारी नवी वही आणत नाही. चुकीची नोंद शोधतो. मोटारीच्या क्लचमधून अनोळखी आवाज येऊ लागला, की मात्र हीच सावध मंडळी ‘क्लच बदलून टाका’ असे सांगून मोकळी होतात. गिअरबॉक्स उतरविण्याची मजुरी मोठी असते. ती मोजूनही आवाज कायम राहिला, तर तो खर्च निव्वळ तोट्याचा ठरतो.

हायड्रॉलिक क्लचमध्ये तारेचे काम द्रव करतो. पेडल दाबताच मास्टर सिलिंडरमधील दट्ट्या ब्रेक ऑइल नळीतून पुढे ढकलतो. त्या दाबाने स्लेव्ह सिलिंडर रिलीज बेअरिंगला प्रेशर प्लेटवर रेटतो आणि इंजिन व गिअरबॉक्स यांचा संबंध सुटतो. आवाज यांपैकी कोणत्या कडीतून येतो, हे बरेचसे घरच्या अंगणातच कळू शकते.

प्रथम इंजिन बंद ठेवून पेडल सावकाश दाबावे. दुसऱ्याने बॉनेट उघडून कान द्यावा. या वेळीही कुरकुर ऐकू आली, तर ती फिरत्या बेअरिंगची नव्हे. आवाज पायाशी असेल, तर पेडलची खीळ, स्प्रिंग अथवा मास्टर सिलिंडरचे रबरी सील तपासावे. ही दुरुस्ती गिअरबॉक्स न उतरविता होते.

त्यानंतर हँडब्रेक लावून, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून इंजिन सुरू करावे. पेडल दाबताच घरघर सुरू होत असेल, तर संशय रिलीज बेअरिंगवर जातो. उलट, पेडल मोकळे असताना येणारी घरघर दाबल्यावर थांबत असेल, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे बेअरिंग झिजले असण्याची शक्यता अधिक.

पेडल मऊ लागत असेल, तर द्रवात हवा शिरलेली असू शकते. द्रवाची पातळी घटली, तर गळती शोधलीच पाहिजे. वरून भर घालून भागत नाही. अनेक मोटारींत ब्रेक आणि क्लच यांची टाकी एकच असते, म्हणून ही हयगय जिवावर बेतू शकते. टाकीत इंजिन ऑइल चुकूनही घालू नये; त्याने रबरी सील फुगून निकामी होतात. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते, म्हणून गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मुदतीत, तेथे नमूद केलेल्या डॉट ३ वा डॉट ४ प्रतीचेच, ते बदलून घ्यावे.

गॅरेजमध्ये नुसते ‘आवाज येतो’ असे सांगण्यापेक्षा तो केव्हा येतो आणि केव्हा थांबतो, हे सांगावे. बेअरिंगसाठी गिअरबॉक्स उतरवावाच लागला, तर क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट यांचीही झीज पाहून घ्यावी, म्हणजे तीच मजुरी पुन्हा द्यावी लागणार नाही. आणि गाडी चालविताना डावा पाय पेडलवर टेकवून ठेवण्याची सवय सोडावी. बेअरिंगचे आयुष्य वाढविण्याचा हा उपाय बिनखर्चाचा आहे.