ऐकत नाही की ऐकू येत नाही?

‘म्हातारपणी हट्टी झालाय, अजिबात ऐकत नाही.’ आमच्या १३ वर्षांच्या कुत्र्याबद्दल, मोतीबद्दल, घरात वर्षभर हेच बोललं जात होतं. मराठीत ‘ऐकणं’ म्हणजे कानावर पडणं आणि सांगितलेलं मानणंही. या एका शब्दापायी मोतीवर अन्याय झाला. आमचं सांगणं त्याच्यापर्यंत पोचतच नव्हतं.

आम्ही फसलो ते स्कूटरमुळे. बिस्किटाच्या पुड्याची चुरचुर झाली की गाढ झोपेतून उठून येणारा मोती आता जागचा हलत नसे. पण खाली स्कूटर आली की शेपटी हलायची. स्कूटर कळते, मग हाक कशी कळत नाही? उत्तर कानाच्या आत आहे. माणसाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला ४५ हजारांच्या आसपास. आतल्या कानातल्या शंखाकृती नळीत अतिसूक्ष्म केस असलेल्या पेशी ध्वनीचा संदेश मज्जातंतूंकडे सोपवतात. वयाबरोबर त्या झिजतात आणि एकदा गेल्या की परत येत नाहीत. ही झीज बहुधा मधल्या आणि उंच पट्टीच्या आवाजांपासून सुरू होते. म्हणून पुड्याची चुरचुर आधी हरवते, इंजिनाची घरघर बराच काळ पुरते.

कुत्र्याला ऐकू येतं का हे घरच्या घरी पाहायचं असेल तर तो पाठमोरा असताना किल्ल्या वाजवा. मात्र जवळून टाळी वाजवू नका. हवेचा झोत लागूनही तो वळतो. आणि ‘वयच झालं’ म्हणून गप्प बसण्याआधी डॉक्टरांकडून कान तपासून घ्या. कुत्र्याची कर्णनलिका आत वळलेली असते, तिथे मळ आणि ओल साचते. पावसाळ्यात, विशेषतः लोंबत्या कानांच्या कुत्र्यांना संसर्ग लवकर होतो. अशा कारणाने कमी झालेलं ऐकणं उपचारांनी सुधारू शकतं. आपल्याकडे कोमट तेल सोडायची जुनी सवय आहे, ती इथे नको. कानाचा पडदा फाटलेला असेल तर काही औषधांचे थेंबसुद्धा आतल्या कानाला इजा करतात. रात्री घरभर भरकटणं, कोपऱ्यात तोंड करून उभं राहणं दिसलं तर तेही डॉक्टरांना सांगा; ते मेंदूच्या म्हातारपणाचं लक्षण असू शकतं.

आमच्या घरात सगळ्यात अवघड गोष्ट ठरली ती मोतीची झोप. एका दुपारी तो झोपलेला असताना भाची मागून येऊन त्याच्या गळ्यात पडली आणि आयुष्यात कधी न गुरगुरलेला मोती तिच्यावर दात विचकून धावला. चावला नाही, पण दोघंही थरथरत होते. ऐकू न येणाऱ्या जिवाला अंगावर अचानक हात पडणं म्हणजे हल्लाच. आता घरात नियम आहे: आधी त्याच्या नाकासमोर हात धरायचा, वास पोचू द्यायचा, मग खांद्यावर, रोज त्याच जागी, हलकेच स्पर्श. डोळे उघडले की लगेच खाऊ. पाय आपटून उठवा असं सांगतात. लाकडी जमिनीवर ते चालत असेल, आमच्या फरशीवर हादरा जेमतेम पोचतो. पिल्लू जन्मतं तेव्हा त्याचे कान मिटलेले असतात, साधारण दोन आठवड्यांनी उघडतात. त्याआधी त्याला आई कळते ती वासाने आणि उबेने. म्हातारपणी आपण त्याच वाटेने त्याच्यापर्यंत जायचं.

हाताच्या खुणा मात्र थोडंफार ऐकू येतं तोवरच शिकवायला घ्या. ‘ये’, ‘बस’, ‘थांब’ म्हणताना प्रत्येक वेळी तीच खूण. हळूहळू शब्द गाळायचा. कुत्री मुळात आपल्या हातांकडे नि चेहऱ्याकडे बारकाईने बघत असतात, मोती दोन आठवड्यांत शिकला. अंधारात गच्चीवरून बोलवायला टॉर्च उघडझाप करतो. घरातून निघतानाही त्याला खूण करून जातो, नाहीतर जागा झाल्यावर तो खोली न् खोली शोधत फिरतो. बाहेर साखळी कधीच सोडायची नाही. पट्ट्यावर फोन नंबर आणि ‘ऐकू येत नाही’ एवढे तीन शब्द असावेत. विजेचा झटका देणारा पट्टा कोणी सुचवला तर नाही म्हणा.

मोतीपाशी निदान आम्ही आहोत. सोसायटीतल्या, गल्लीतल्या म्हाताऱ्या कुत्र्यांचेही कान असेच जातात. ती सावलीसाठी उभ्या गाडीखाली झोपतात, आणि इंजिन सुरू झालं किंवा हॉर्न वाजला तरी उठतीलच असं नाही. गाडी काढण्याआधी एकदा खाली वाकून बघा.